हिशेबात न आलेले खमीर

रमजानच्या महिन्यात आमच्या घरी एक वाद दरवर्षी ठरलेला असतो. विषय नानचा. औरंगाबाद शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर झाले, पण नान-खलिया तोच राहिला आणि त्यावरचा वादही. फूफी म्हणतात, आता नानमध्ये जान उरली नाही, सगळा पुडीतल्या यीस्टचा खेळ आहे. पोरे म्हणतात, तुमच्या खमीराला बारा तास लागतात, तोवर मगरिबची अजान होऊन जाते. मग कुणीतरी म्हणतो, असली नान तर बादशहांच्या काळातला. तो कसा होता, हे मात्र कुणीच सांगत नाही.

नान-खलियाचे मूळ मुहम्मद बिन तुघलकाने १३२७ मध्ये दिल्लीची राजधानी दौलताबादला आणली त्या काळात सांगितले जाते. लष्कराला पोटभर जेवण देणारी ती भटारखान्याची युक्ती, अशी लोकांत चालत आलेली गोष्ट आहे. तिच्यातून पाककृती मात्र हाती लागत नाही. मला हवे होते माप. किती पिठाला किती दूध, किती तूप. ते शोधताना मी अबुल फजलच्या ‘आईन-ए-अकबरी’पाशी येऊन थांबलो. सोळाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या या ग्रंथाच्या पहिल्या खंडाचा ब्लॉकमनने केलेला इंग्रजी अनुवाद १८७३ मध्ये कलकत्त्याहून निघाला. त्यात शाही मतबखाचे, म्हणजे स्वयंपाकघराचे, वेगळे प्रकरण आहे आणि त्यात रोटीचेही माप आहे.

तंदुरातल्या मोठ्या नानसाठी पीठ १० शेर, दूध ५ शेर, तूप दीड शेर आणि मीठ पाव शेर. बस, एवढेच. पुढे लहान नान, तव्यावरची पातळ रोटी आणि चपाती यांचा उल्लेख येतो. एका शेराच्या पंधरा किंवा त्याहून जास्त पातळ रोट्या होतात, असेही सांगितले आहे.

हे वाचून मी लगेच परात काढली. पण पहिलाच प्रश्न आला, शेर कोणता? आपल्या आजीच्या घरात शेर, मापटे, अधोली, पायली ही धान्य मोजायची मापे होती. पीठ भरून घ्यायचे, तोलायचे नाही. जुना मुंबई शेर वजनाचा होता, पण तो जेमतेम ३१८ ग्रॅमचा. इंग्रजी अमलातला ८० तोळ्यांचा पक्का शेर ९३३ ग्रॅमचा. अकबराच्या राज्यारोहणाच्या वेळी शेर २८ दामांच्या वजनाचा होता, नंतर त्याने तो ३० दामांचा ठरवला. एक दाम जवळजवळ २१ ग्रॅम धरला तर हा शेर सुमारे ६३० ग्रॅम होतो. म्हणजे दहा शेर पीठ म्हणजे सहा किलोच्या थोडे वर. जुन्या पाककृती नव्याने करताना निम्म्या चुका इथेच होतात. शेर म्हटले की लोक किलो धरतात आणि दूध मात्र पेल्याने मोजतात.

यातून सुटायचा मार्ग सोपा आहे. सगळे जिन्नस एकाच शेराने तोललेले असतील तर शेर केवढा, हे कळायची गरजच नाही. प्रमाण पाहावे. पीठ १०० भाग धरले तर दूध ५० भाग, तूप १५ भाग आणि मीठ अडीच भाग. म्हणजे अर्धा किलो पिठाला पाव किलो दूध, ७५ ग्रॅम तूप आणि १२ ग्रॅम मीठ. आजचे बेकरीवालेही नेमका असाच हिशेब करतात. पीठ शंभर धरून बाकी सगळे त्याच्या टक्क्यांत.

मी हे माप काटेकोर पाळले. मळले, झाकले, तासभर ठेवले, भाजले. जे निघाले त्याला खुसखुशीत म्हणता आले असते, पण तो नान नव्हता. मठरीचा थोरला भाऊ होता. फूफीने तुकडा तोडला, माझ्याकडे पाहिले आणि विचारले, “खमीर कहाँ है?”

प्रश्न बरोबर होता. ब्लॉकमनच्या पानावर खमीर नाही.

मी त्यावर बरेच दिवस विचार केला. एक शक्यता अशी की ही रोटी बिनखमीराचीच होती; दूध-तुपाने मऊ पडणारी. दुसरी शक्यता मला जास्त पटते. ‘आईन’ हे पाकपुस्तक नाही, तो राज्यकारभाराचा दप्तर-ग्रंथ आहे. मतबखाचे प्रकरण हिशेब, देखरेख आणि विषबाधेची भीती यांच्या नजरेतून लिहिले आहे. शिजलेली ताटे कापडात बांधून त्यांवर मीर बकावलाची मोहर उमटते. रोट्यांच्या पिशव्यांवरही त्याचीच मोहर असते. अशा दप्तरात कोठारातून निघालेली वस्तू लिहिली जाते. पीठ निघाले, दूध आले, तूप तोलले, मीठ दिले. खमीर कोठारातून येतच नाही. ते कालच्या कणकेतून राखून ठेवलेला गोळा असतो. त्याची किंमत नाही, म्हणून त्याची नोंद नाही. आजही कुठल्याही घरात विचारा, दह्याच्या पाककृतीत लोक दूध सांगतात, विरजण सांगायला विसरतात.

हे अनुमान आहे, पुरावा नाही. पण ते धरून चालल्यावर माझा नान फुगला, एवढे खरे.

आता खमीर म्हणजे काय, हे थोडे पाहू. शब्द अरबी आहे. ज्या धातूपासून ‘खम्र’ म्हणजे मद्य हा शब्द आला, त्याच धातूपासून खमीर आला. झाकणे, हा त्या धातूचा अर्थ. झाकून ठेवलेली कणीक बदलते, झाकलेला रसही बदलतो. लुई पाश्चरने १८५७ नंतरच्या काही वर्षांत दाखवून दिले की आंबणे हे जिवंत सूक्ष्म जीवांचे काम आहे. साखर खाऊन ते दोन वस्तू सोडतात, एक वायू आणि एक अल्कोहोल. वायूने कणीक फुगते, अल्कोहोल भट्टीच्या आचेने बहुतांशी उडून जाते. घरच्या खमीरात या जंगली यीस्टबरोबर दह्यातल्यासारखे आंबट करणारे जीवाणूही असतात. म्हणून खमीरी नानला किंचित आंबूस चव येते आणि तो दुसऱ्या दिवशीही चामट होत नाही. पुडीतल्या यीस्टमध्ये एकच निवडलेली जात असते. ती वायू भराभर देते, आंबटपणा देत नाही. फूफीची तक्रार आणि पोरांची घाई, दोन्ही खऱ्या आहेत. दोघांच्या कणकेत वेगवेगळे जीव काम करत आहेत.

या मुद्द्याला धरून आपल्या समाजात एक अवघड प्रश्न आहे. कोकणी मुसलमानांच्या घरात सांदण होते. तांदूळ आणि नारळाचे दूध यांचे ते वाफवलेले आंबवण. जुन्या रीतीत ते फुगवायला माडी घालत. गोव्यात पोर्तुगीज अमलात पाव आला तेव्हा तिथल्या पोदेरांनी पाव फुगवण्यासाठी याच माडाचा रस वापरला. तिकडे त्याला सूर म्हणतात. यीस्टची पुडी नव्हती, गव्हाचे जुने खमीर सांभाळायची सवय नव्हती, आणि माड मात्र दारात होता. माडावरून उतरलेला रस दोन-चार तासांत आपोआप आंबू लागतो. गोव्यातला ख्रिस्ती पोदेर आणि कोकणातली मुसलमान गृहिणी एकाच झाडाकडे एकाच कामासाठी पाहत होती.

मग माडीचे सांदण जायज का? रत्नागिरीकडच्या माझ्या एका मित्राने सांगितले, त्यांच्या घरात दोन पिढ्यांपूर्वी हा प्रश्न कुणाला पडला नव्हता. पुढे पडला, आणि माडी बंद होऊन यीस्ट आले. काही उलेमा म्हणतात, वस्तूचे स्वरूपच पालटले तर तिचा हुकूमही पालटतो. काही म्हणतात, जी वस्तू मुळात नशेची, ती थोडीही नको. मी फतवा द्यायला बसलेलो नाही. इतिहास एवढेच सांगतो की माडी घरातून जाण्याला केवळ धर्म कारण नव्हता. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने ताडी-माडी परवान्याच्या कक्षेत आली. शेजारच्या माडावरून सकाळी तांब्याभर रस आणणे ही साधी गोष्ट राहिली नाही. आपण एखादी चाल सोडतो तेव्हा ती दीनसाठी सोडली असे म्हणतो. पुष्कळदा ती कायद्याने, बाजाराने आणि वेळेच्या टंचाईने सुटलेली असते. आणि हेही ध्यानात ठेवावे की गव्हाच्या खमीरात तोच वायू आणि तेच अल्कोहोल तयार होते, आणि खमीरी रोटीबद्दल कुणी शंका घेतलेली नाही.

खमीर मिळाले म्हणून जुना नान मिळतो असे नाही. पीठही बदलले आहे. ‘आईन’मध्ये दरबारी रोटीच्या पिठाचाही हिशेब आहे. एक मण गव्हातून अर्धा मण बारीक पीठ, दोन शेर जाडसर भरड आणि बाकी कोंडा. चाळीस शेरांचा मण धरला तर वीस शेर उत्तम पीठ, दोन शेर भरड आणि अठरा शेर बाजूला. आजच्या गिरणीत मैद्यासाठी गव्हाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास भाग घेतात. म्हणजे बादशाही पीठ मैद्याइतके, कदाचित जास्तच, निवडून घेतलेले होते. ‘जुन्या काळी सगळे हातसडीचे, कोंड्यासकट खात’ हे दरबारापुरते तरी खरे नाही. फरक एवढाच की ते दगडी जात्याचे पीठ होते. जाते गव्हाचा अंकुर चिरडून त्याचे तेल पिठात मिसळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोखंडी रुळांच्या गिरण्या आल्या, त्या अंकुर आणि कोंडा वेगळा काढतात. पीठ पांढरे होते, टिकते, पण वास कमी होतो.

गहूही तो नाही. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन बुटक्या गव्हाचे बियाणे आपल्या देशात आले आणि पुढच्या काही वर्षांत उत्तरेतील शेतांचे रूप पालटले. आपल्याकडचा खपली सातारा, सांगली, कोल्हापूर भागात अजून पिकतो. त्याची कणीक फारशी ताणली जात नाही. त्याचा नान करायला जाल तर तो पसरेल, फुगणार नाही. खपलीची खीर करावी, नान करू नये.

तुपाची गोष्ट आणखी वेगळी. १९३७ मध्ये डालडा बाजारात आला आणि बेकरीतून तूप हळूहळू हद्दपार झाले. वनस्पती तूप स्वस्त, टिकाऊ, पण त्यात ट्रान्स फॅट. जानेवारी २०२२ पासून खाद्यतेल व चरबीतले हे प्रमाण २ टक्क्यांवर आणायचे बंधन आले. तसेच पाव भरभरून फुगावा म्हणून मैद्यात पोटॅशियम ब्रोमेट घालत. २०१६ मध्ये दिल्लीच्या विज्ञान व पर्यावरण केंद्राने पावाच्या नमुन्यांत त्याचे अंश दाखवले आणि त्याच वर्षी सरकारने ब्रोमेटला परवानगीच्या यादीतून काढले. जुनी पाककृती नव्या सामानात बसवताना नवे सगळेच घ्यावे लागत नाही, हे यावरून कळावे.

आता प्रत्यक्ष कृती. पुष्कळ वेळा फसून मी जिथे पोचलो ते सांगतो. एकूण अर्धा किलो पीठ धरा. आदल्या रात्री ५० ग्रॅम चक्कीचे पीठ आणि ५० ग्रॅम पाणी कालवून त्यात जुन्या खमीराचा चमचा घालून झाका. सकाळी ते जाळीदार झाले की ४०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम चाळलेली कणीक, १० ग्रॅम मीठ आणि उकळून कोमट केलेले २०० ग्रॅम दूध घालून मळा. आजचा मैदा थोडे जास्त पाणी पितो, तेव्हा दोन-तीन चमचे दूध हाताशी ठेवा. तूप सुरुवातीला घालू नका. आधी कणकेला ताण येऊ द्या, मग ७५ ग्रॅम तूप थोडे थोडे मुरवा. तूप आधी गेले तर कणकेचे धागे जुळत नाहीत. मीठ मूळ मापाहून जरा कमी घेतले, कारण आज अडीच टक्के मीठ जिभेला बोचते. उन्हाळ्यात चार-पाच तास, थंडीत त्याच्या दुप्पट वेळ ठेवा. खमीर नसेल तर ५०० ग्रॅम पीठ, २५० ते २७५ ग्रॅम दूध आणि ३ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट. जुन्या बेकरी-पुस्तकांत ताजे, वडीचे यीस्ट दिलेले असते. त्याच्या तिसऱ्या हिश्शाइतके कोरडे इन्स्टंट यीस्ट पुरते. तेवढेच्या तेवढे घातले तर कणीक परातीबाहेर येते आणि नानला दारूसारखा वास मारतो. खाण्याच्या सोड्याने हे काम भागत नाही. सोड्याला आंबट लागते. दही नसलेल्या, नुसत्या दुधाच्या कणकेत तो साबणाची चव ठेवून जातो.

राहिली भट्टी. तंदूर ४०० अंशांच्या घरात तापतो, घरचा ओव्हन २५० वर थांबतो. म्हणून लोखंडी तवा ओव्हनमध्ये अर्धा तास तापवून नान त्यावर टाका. आठ-दहा मिनिटांत होतो. भट्टीचा प्रश्न आता घरापुरता नाही. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितले. शहराची हवा सगळ्यांची आहे, भट्टीसमोर उभ्या कामगाराची तर सर्वांत आधी. त्याच्या छातीत तो धूर रोज जातो. पण भट्टी बदलायचा खर्च, नव्या आचेला हात बसेपर्यंतचे नुकसान, हे त्याच्याच माथी येऊ नये, एवढे म्हणायला आपण बांधील आहोत.

हा नान आम्ही गेल्या रमजानमध्ये केला. फूफीने दोन घास खाल्ले, बरा म्हणाल्या. मग पोरांपैकी कुणीतरी म्हणाले, म्हणजे आपले पूर्वज हे खात होते. तेव्हा मी ‘आईन’चे दुसरे पान उघडले, भावांच्या यादीचे.

मैदा २२ दामांना मण, दूध २५, तूप १०५, मीठ १६. हिशेब केला तर दहा शेर पिठाच्या त्या घाणीला पीठ साडेपाच दामांचे, दूध तीन दामांच्या जरा वर, तूप जवळजवळ चार दामांचे आणि मीठ दामाचा दहावा भाग. एकूण साडेबारा दामांहून थोडे जास्त. त्याच ग्रंथात सर्वांत खालच्या मजुराची रोजची मजुरी २ दाम आहे. म्हणजे त्या घाणीतले नुसते तूप त्याच्या दोन दिवसांच्या कमाईचे. सगळी घाणी सहा दिवसांच्या. आणि ज्वारीचा भाव १० दाम मण. दोन दामांत आठ शेर ज्वारी येत होती, तूप एक शेरही येत नव्हते. त्याने काय घेतले असेल ते सांगायला नको.

आपले पूर्वज बहुतेक ज्वारी खाणारे होते. कुणी पिंजारी, कुणी तांबोळी, कुणी बागवान, कुणी शिकलगार. त्यांतला एखादा भटियारा किंवा नानबाई असेल तर तो ती तुपाची कणीक मळत होता, खात नव्हता. मुसलमान म्हटले की बादशहा, बिर्याणी आणि शाही नान, असे चित्र बाहेरचे लोक रंगवतात तेव्हा आपल्याला राग येतो. पण जाहिरातीतला ‘शाही’ हा शब्द आपणही कौतुकाने उचलतो आणि दरबाराच्या दस्तरखानाला आपला वारसा म्हणतो. त्या दस्तरखानाशी आपले नाते कणीक मळणाऱ्या हातांचे होते. ‘आईन’मध्ये बादशहाचे नाव आहे, मीर बकावलाची मोहर आहे, तुपाचा भाव आहे. त्या पानावर नानबाईचे नाव नाही, जसे खमीर नाही. दोघांचीही किंमत हिशेबात लागली नव्हती.

म्हणून जुनी पाककृती नव्या सामानात करायला मला आता संकोच वाटत नाही. पीठ बदलले, गहू बदलला, माडीऐवजी पुडी आली, उद्या लाकडाऐवजी वीज येईल. नानबाई प्रत्येक वेळी नव्या पिठाशी जुळवून घेत आला, तेव्हा नान टिकला. जपायचे ते बादशहाचे माप नव्हे, ते तर छापूनच ठेवले आहे. जपायचे ते जे छापलेले नाही. तुमच्या घरात कुणी फूफी, खाला, नानी अजून अंदाजाने खमीर लावत असेल, तर तिच्याजवळ तराजू घेऊन बसा. तिची मूठ किती ग्रॅमची, तिचा ‘थोडा वेळ’ किती तासांचा, ते लिहून घ्या, आणि वर तिचे नाव लिहा. आमच्या वहीत मी तसे लिहिले आहे. फूफीची मूठ ६५ ग्रॅमची निघाली.